दहा हजारांची मोकळीक

समग्र शिक्षा योजनेत केंद्राने साठ आणि राज्याने चाळीस टक्के घालून शाळेला जे संयुक्त अनुदान द्यायचं, त्यातली सगळ्यात उदार गोष्ट म्हणजे मोकळीक. पैसा अमुकच बाबीवर घाला अशी सक्ती नाही, शाळेला नड असेल तिथे वापरा. पट तीसपर्यंत असेल तर वर्षाला 10,000 रुपये. कर्जत आणि खालापूरच्या ठाकूर-कातकरी वाड्यांवरच्या लहान शाळांनी एवढ्यात वीजबिल, पाणी, शैक्षणिक साहित्य, बंद पडलेल्या वस्तू आणि इमारतीची डागडुजी भागवायची. त्यातही किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी राखायचे, म्हणजे महिन्याला 83 रुपये. झाडू आणि फिनेल एकाच महिन्यात घ्यायची चैन टाळली की झालं. राहिलेल्या 9,000 मध्ये मुख्याध्यापकांनी मनसोक्त ठरवावं, पंखा चालू ठेवायचा की कौलं बसवायची. याच तालुक्यांतल्या खोपोलीच्या विजेवर 1915 पासून आणि भिवपुरीच्या विजेवर 1922 पासून मुंबईच्या गिरण्या चालल्या. त्याच भागातल्या शाळेला बिलाची धास्ती वाटावी, हा निव्वळ योगायोग समजावा.

मोकळीक रकमेला आहे, कागदाला नाही. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, दरपत्रक, पावती, रोजकीर्द, उपयोगिता प्रमाणपत्र, हे सगळं चार कौलांनाही लागतं. शिवाय 2021 मध्ये पैसा राज्याच्या एकाच मुख्य खात्यात ठेवायची पद्धत आली. शाळेच्या खात्यात शिल्लक शून्य, दिसते ती खर्चाची मर्यादा. ती मर्यादा वर्षअखेरीला उघडली तर मार्च संपायच्या आत पैसे खर्ची पडलेच पाहिजेत. पाऊस मात्र जूनमध्ये येतो आणि कर्जतचा पाऊस आर्थिक वर्ष पाळत नाही. मग मार्चमध्ये जे चटकन मिळेल आणि ज्याची पक्की पावती मिळेल तीच शाळेची नड ठरते.

यावर जाणकार म्हणतील, हात मोकळे सोडले तर पैसे खाल्ले जातील. भीती खोटी नाही, गैरव्यवहार होतात आणि हिशेब तपासलाच पाहिजे. पण शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक बसवले आहेत. गळक्या वर्गात ज्यांचं पोर बसतं, त्यांच्या डोळ्यांइतका स्वस्त लेखापरीक्षक जिल्ह्याच्या ठिकाणी, अलिबागला मिळायचा नाही. आणि वरून केलेली खरेदी चोख असते म्हणावं, तर 2024-25 चा गणवेश आठवावा. तोवर समितीच गावाजवळ गणवेश घ्यायची. मग ‘एक राज्य एक गणवेश’ आलं, कापड वरून घ्यायचं आणि शिवायचं बचत गटांनी. जूनमध्ये शाळा भरल्या, पण गणवेश कित्येक ठिकाणी महिनोन्‌महिने पोचले नाहीत; जे पोचले त्यांतल्या अनेकांच्या मापाबद्दल तक्रारी. पोर कर्जतच्या कडावचं असो की खालापूरच्या चौकचं, त्याच्या खांद्याचं माप मंत्रालयातून घेता येत नाही, एवढा शोध लागायला एक शैक्षणिक वर्ष खर्ची पडलं. त्या शोधाचं उपयोगिता प्रमाणपत्र मात्र कुणी कुणाकडे मागितल्याचं दिसत नाही.

डिसेंबर 2024 मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि गणवेश पुन्हा समितीकडे आला. 2018 मध्ये एका मुलामागे वर्षाला 400 रुपयांचे 600 झाले, तेवढ्यात दोन जोड बसवायचे. ते कोणत्या दुकानात बसतात हे शोधायला समिती आता पूर्णपणे मोकळी आहे.