आधी व्हेंडरचे पैसे द्या

पुढचे संकट युद्धातून येईल, साथीतून येईल की कुणा हॅकरच्या खोलीतून, हे आज कुणीच सांगू शकत नाही. पण त्या दिवशी सगळ्यात आधी कुणाचे पैसे अडकतील, हे भोसरीच्या कुठल्याही शेडमध्ये जाऊन विचारा. चार लेथ आणि दोन व्हीएमसी चालवणारा माणूस कामावरून मान वर न करता सांगेल, माझे.

मोठ्या कंपन्या पुरवठा साखळी बळकट करायला निघतात तेव्हा पडद्यावर जगाचा नकाशा येतो, त्यावर लाल-पिवळे-हिरवे ठिपके येतात, आणि सल्लागाराचे बिल वेळेवर चुकते होते. शेडवाल्याचे थकलेले बिल त्या नकाशावर नसते. माझे म्हणणे असे की बळकटीची सुरुवात त्या बिलापासून करावी. हे पटवायला मला दयेचा आधार घ्यायचा नाही. कंपनीचा स्वतःचा स्वार्थच पुरेसा आहे.

जग्वार लँड रोव्हरचेच पाहा. आपल्या टाटा समूहाची ही ब्रिटिश कंपनी. ऑगस्ट २०२५ अखेर तिच्या संगणक यंत्रणेवर हल्ला झाला आणि सोलिहल, हेलवूड, वुल्व्हरहॅम्प्टन इथले कारखाने बंद पडले, ते ऑक्टोबर उजाडेपर्यंत. एका बोल्टचीही टंचाई नव्हती. कामगार होते, यंत्रे होती, गिऱ्हाइके होती. तरी गाडी बनेना, कारण कुठला भाग कुठे आहे आणि कुणाला किती द्यायचे आहेत हे सांगणारी यंत्रणाच बंद. ब्रिटनमधल्या सायबर मॉनिटरिंग सेंटरने नंतर अंदाज दिला: देशाचे नुकसान १.९ अब्ज पौंड, झळ बसलेल्या संस्था पाच हजारांहून अधिक.

या पाच हजारांत जग्वार लँड रोव्हर एकच. बाकी बहुतेक तिच्या आगेमागे जगणारे पुरवठादार, वितरक, छोटे धंदे. काम थांबून महिना होत आला तेव्हा ब्रिटिश सरकारने १.५ अब्ज पौंडांच्या कर्जाला हमी दिली. ती हमी मिळाली जग्वार लँड रोव्हरला. छोट्यांनी वाट पाहायची, पैसा वरून झिरपत खाली येईल म्हणून. तोवर काहींनी माणसे कमी करायला सुरुवातही केली होती. ऑक्टोबरमध्ये कारखाने सुरू करताना कंपनीने एक योजना काढली: पुरवठादाराला ऑर्डर दिल्याबरोबर रोख, नेहमीपेक्षा १२० दिवसांपर्यंत आधी. उत्तम योजना. ती पहिल्या आठवड्यात का नाही आली, एवढाच माझा प्रश्न आहे. जो पुरवठादार सप्टेंबरातच बुडाला, त्याला ऑक्टोबरातली रोख काय कामाची? आणि तो बुडाला तर सुरू झालेल्या लाइनवर त्याचा भाग कोण आणून देणार?

आता याच्या उलट उदाहरण. ते जुने आहे, व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवलेही जाते, पण त्यातला खरा धडा वर्गातच राहतो.

१ फेब्रुवारी १९९७, शनिवारची पहाट. जपानमधल्या कारिया इथे आयसिन सेइकीच्या कारखान्याला आग लागली. तिथे ब्रेकमधला एक व्हॉल्व्ह बनत असे, मुठीत मावेल एवढा. टोयोटाला लागणारे असे जवळजवळ सगळे व्हॉल्व्ह याच एका छपराखाली तयार होत, आणि टोयोटाकडे साठा होता फार तर दोन-तीन दिवसांचा, काही ठिकाणी तर तासांचा. साठा शून्यावर आणण्याची जी पद्धत जगाने टोयोटाकडून उचलली, तिची अशी परीक्षा त्या आठवड्यात झाली. मंगळवार-बुधवारपर्यंत जपानमधल्या जवळजवळ सगळ्या लाइन थांबल्या. दिवसाला चौदा-पंधरा हजार गाड्या बनवणारी कंपनी मुठीएवढ्या भागासाठी ठप्प.

मग जे घडले त्याला तोड नाही. आयसिनने आपली ड्रॉइंग्ज मागेल त्याला देऊन टाकली. सुमारे दोनशे कंपन्या कामाला लागल्या, त्यातल्या साठेक थेट व्हॉल्व्ह बनवू लागल्या. ब्रदर ही शिवणयंत्रे आणि फॅक्स बनवणारी कंपनी. तिने गाडीचा भाग आयुष्यात बनवला नव्हता, तिनेही आपली यंत्रे बदलून घेतली. आयसिनकडची खास यंत्रे कुणाकडेच नव्हती, म्हणून साध्या मिलिंग मशीनवर, ड्रिलवर, हाताने तपासत माल काढला. चार-पाच दिवसांत पहिले व्हॉल्व्ह पोचले. आठवडाभरात बहुतेक कारखाने पुन्हा चालू झाले.

तोशिहिरो निशिगुची आणि अलेक्झांद्र बोदे या अभ्यासकांनी या घटनेवर १९९८ मध्ये लेख लिहिला. त्यातली नोंद प्रत्येक पर्चेस मॅनेजरच्या टेबलावर चिकटवावी अशी आहे: त्या धावपळीत दर काय, हक्क कुणाचा, नुकसान कोण भरणार, यावर कुणी घासाघीस करत बसले नाही. ती माणसे साधुसंत होती म्हणून नव्हे. वर्षानुवर्षांच्या व्यवहारातून त्यांना ठाऊक होते की आपण बुडणार नाही. आणि ते बुडाले नाहीत. खर्च आयसिनने भरून दिला. टोयोटाने वर आपल्या पहिल्या फळीतल्या पुरवठादारांना मिळून १५ अब्ज येनहून अधिक रक्कम दिली. त्यातल्या अनेकांनी तीच वागणूक पुढे आपल्या छोट्या पुरवठादारांना दिली.

आपल्याकडचे व्यवस्थापक यातून शिकले ते साठा शून्यावर आणणे. त्याची किंमत चुकवणारी दुसरी बाजू शिकायची राहून गेली. साठा तर नाहीसा झालाच नाही. चाकणच्या मोठ्या फाटकाच्या आतून उठला आणि फाटकाबाहेर व्हेंडरने भाड्याने घेतलेल्या गोडाऊनमध्ये जाऊन बसला. भाडे त्याचे. बँकेच्या सीसी लिमिटवरचे व्याज त्याचे. शेड्यूल बदलले की पडून राहणारा माल त्याचा. माल पोचायला उशीर झाला आणि लाइन थांबली तर डेबिट नोटही त्याच्याच नावे. ताळेबंदात मात्र मोठ्या कंपनीचा साठा कमी दिसतो आणि कार्यक्षमतेबद्दल बक्षीस तिला मिळते. ही कार्यक्षमता नाही. हे दुसऱ्याच्या खात्यातून घेतलेले बिनव्याजी कर्ज आहे.

टोयोटाला मी डोक्यावर घेत नाही. दर कमी करून मागण्यात ती कुणापेक्षा मऊ नाही. पण ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर तिने जे केले ते नीट पाहण्यासारखे आहे. त्या भूकंपात रेनेसास कंपनीचा नाका इथला चिपचा कारखाना मोडला. तो उभा करायला वाहन कंपन्यांनी आपली माणसे तिथे पाठवली, एकेका दिवशी अडीच हजारांपर्यंत माणसे राबत होती. त्यानंतर टोयोटाने आपल्या पुरवठादारांचे पुरवठादार, त्यांचेही पुरवठादार कुठे आहेत याची यादी करायला घेतली. ज्या चिपना पर्याय नाही त्यांचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला सांगितले. सांगितले म्हणजे नुसते लादले नाही. दरवर्षी दर उतरवून पुरवठादारांकडून जी बचत घेतली जाते, तिचा काही भाग या साठ्याच्या खर्चासाठी त्यांना परत दिला.

सगळी गोम इथे आहे. साठा ठेवा असे सांगणे सोपे असते. त्याचे व्याज कोण भरणार, हे ठरवण्याने यंत्रणा बदलते.

२०२०च्या उन्हाळ्यात जगभरच्या वाहन कंपन्यांनी कोविडला घाबरून चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या. मोबाइल आणि लॅपटॉपवाल्यांनी ती जागा घेतली. गाड्यांची मागणी परतली तेव्हा वाहन कंपन्या रांगेच्या शेवटी उभ्या. महिंद्राने सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे सात दिवस उत्पादन बंद राहील आणि महिन्याचे उत्पादन २० ते २५ टक्क्यांनी घटेल असे जाहीर केले. लोक नव्या गाडीसाठी वर्ष-वर्ष थांबले. टोयोटाला त्या साठ्यामुळे बराच काळ तग धरता आला आणि २०२१ मध्ये अमेरिकेत तिने जनरल मोटर्सला विक्रीत मागे टाकले. जनरल मोटर्स तिथे १९३१ पासून पहिली होती. अर्थात व्हिएतनाम-मलेशियात कोविडने कारखाने बंद पडले तेव्हा त्याच सप्टेंबरात टोयोटालाही जगभरचे उत्पादन ४० टक्के कापावे लागले. अभेद्य कुणीच नाही. पण काही महिने उशिरा आणि तयारीने पडणे, आणि पहिल्याच धक्क्याला आडवे होणे, यात शेकडो शेडचे प्राण असतात.

हाच प्रश्न २०२५ मध्ये चुंबकांच्या रूपाने परत आला. चीनने ४ एप्रिलला सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. इलेक्ट्रिक स्कूटरची मोटर त्या चुंबकांवर चालते. चुंबक आले नाहीत तर चेतक स्कूटरचे उत्पादन थांबू शकते, असे बजाज ऑटोने त्याच वर्षी उघडपणे सांगितले. केंद्र सरकारने नोव्हेंबरात ७,२८० कोटी रुपयांची चुंबकनिर्मिती योजना मंजूर केली. कारखाने उभे राहायला वेळ लागेल. तोवर साठा करावाच लागणार आणि त्याला पैसे लागणार. ते पैसे आकुर्डी-चाकणच्या दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या माणसाकडून काढू नका. त्याच्याकडे नाहीत.

जपानमध्ये सगळे आलबेल आहे असेही कुणी समजू नये. निसानने ३६ पुरवठादारांच्या बिलांतून सुमारे ३ अब्ज येन बेकायदा कापले, असे तिथल्या न्याय्य व्यापार आयोगाने मार्च २०२४ मध्ये उघड केले आणि कंपनीला समज दिली. फरक इतकाच की तिथे आयोगाने स्वतः चौकशी केली, नाव घेऊन सांगितले आणि कापलेले पैसे परत गेले.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. २००६च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यात लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे देणे बंधनकारक आहे. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. कागदावर याहून कडक काय हवे? पण तक्रार करायची कुणी? या कायद्याखालच्या सुलभता परिषदेपुढे अर्ज करणाऱ्या व्हेंडरला व्याज मिळेलही, पुढची ऑर्डर मिळणार नाही. हे सगळ्यांना माहीत असते, म्हणून अर्ज टेबलाच्या खणात राहतो.

म्हणून आयकर कायद्यात ४३बी(एच) म्हणून आलेली तरतूद मला मोलाची वाटते. १ एप्रिल २०२४ पासून ती लागू झाली. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला धरायचा नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी धरायचा. इथे तक्रारदाराची गरज उरत नाही. कंपनीचा लेखापरीक्षकच विचारतो. ती लागू होताच काही खरेदीदार व्हेंडरवर लघु उद्योग म्हणून असलेली उद्यम नोंदणी सोडण्यासाठी दबाव आणतात, अशा तक्रारी आल्या. म्हणजे तीर बरोबर जागी लागला होता. सरकारने इथे मागे हटू नये, उलट अशा दबावालाच गुन्हा ठरवावे.

ट्रेड्स या मंचांचेही तसेच. व्हेंडरचे बिल ऑनलाइन लिलावात जाते, बँक त्यावर लगेच पैसे देते आणि मुदत संपली की खरेदीदाराकडून वसूल करते. पहिला मंच जानेवारी २०१७ मध्ये सुरू झाला. आता २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना नोंदणी सक्तीची आहे. पण नोंदणी केली म्हणजे बिल मान्य केले असे होत नाही. खरेदीदाराने त्या मंचावर बिलाला होकार दिल्याशिवाय बँक हात लावत नाही. तो होकार ठरावीक दिवसांत देण्याची सक्ती झाली पाहिजे. माल लाइनवर चढला, गाडीत बसला, गाडी विकली गेली, तरी बिलाला मंजुरी नाही, हे कुठल्या हिशेबात बसते?

पर्चेस विभागातल्या मित्रांनी यावर रागावू नये. त्यांची बढती दर किती उतरवला यावर ठरते, त्यामुळे ते दर उतरवतात. ती मोजपट्टी संचालक मंडळाने बदलायची आहे. दर वर्षी किती टक्के कापले याच्या शेजारी आणखी दोन रकाने हवेत: ४५ दिवसांनंतर किती बिले उरली आणि वर्षभरात किती व्हेंडर बंद पडले. ही माहिती गोळा करायला सल्लागार लागत नाही. लघु उद्योगांची ४५ दिवसांवरची थकबाकी कंपनी कामकाज मंत्रालयाला दर सहा महिन्यांनी कळवावी लागते. तो फॉर्म कंपनीतच भरला जातो आणि मंडळाच्या बैठकीत क्वचितच उघडला जातो.

आणि वाचकहो, हे काम फक्त संचालकांवर सोडू नका. तुमच्याकडे एखाद्या वाहन, औषध किंवा यंत्र कंपनीचे पाच-पंचवीस शेअर असतील तर तिचा वार्षिक अहवाल उघडा. ताळेबंदात देणी वेगवेगळी दाखवलेली असतात: सूक्ष्म व लघु उद्योगांची आणि इतरांची. टिपेत ती किती जुनी आहेत याचा तक्ता असतो आणि उशिराबद्दल किती व्याज देय आहे तेही असते. वार्षिक सभेत हात वर करा, तो आकडा मोठ्याने वाचून दाखवा आणि अध्यक्षांकडून तो शून्यावर येण्याची तारीख मागा.