एकही पुस्तक गहाळ नाही

शालेय ग्रंथालय प्रभावी कसं करावं, याची मुख्याध्यापकांना प्रशिक्षणं देतात, चहा-बिस्किटांसकट. खर्च वाया. खेड्यातल्या एखाद्या शाळेतलं लोखंडी कपाट बघा. आराखडा तिथं कधीचाच अमलात आलाय. आत पुस्तकं, बाहेर कुलूप, किल्ली सरांकडे आणि सर मतदारयादीच्या कामावर.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय सांगितलंय. वर्तमानपत्र, मासिकं, अगदी गोष्टींची पुस्तकंसुद्धा. कपाट उघडं असावं, असं मात्र कुठं लिहिलेलं नाही.

आणि सरांचं तरी काय चुकतं? प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक. तपासणीत एक कमी भरलं की खुलासा सरांनी द्यायचा, भरपाईही त्यांच्याच खिशातून. पुस्तक वर्षभर कुणी उघडलंच नाही म्हणून कुणाला नोटीस निघाल्याचं ऐकिवात नाही. पोरगं पुस्तक घरी नेणार, धाकटी बहीण चित्रं रंगवणार, आजी त्यावर चहाचं पातेलं टेकवणार. मग निर्लेखनाचा प्रस्ताव, त्यात त्रुटी, फेरप्रस्ताव, तोवर सर निवृत्त. त्यापेक्षा वाळवी परवडली. तिनं खाल्लेलं पुस्तक जागच्या जागी राहतं, आकडा जुळतो.

पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हा ग्रंथालयशास्त्राचा पहिला नियम रंगनाथन यांनी 1931 साली मांडला. गृहस्थ मूळचे गणिताचे प्राध्यापक; त्यांना शिल्लक जुळवण्याचं महत्त्व कळू नये, याचं नवल वाटतं. त्यांची जयंती, 12 ऑगस्ट, ग्रंथपाल दिन असते. बहुतेक प्राथमिक शाळांत ग्रंथपालच नसल्यानं हारतुऱ्यांचा खर्च वाचतो.

15 ऑक्टोबरला मात्र इलाज नसतो. अब्दुल कलामांची जयंती, म्हणजे वाचन प्रेरणा दिन. कुलूप निघतं, पोरं ओळीत बसतात, मांडीवर एकेक पुस्तक, मागे बॅनर. फोटो ग्रुपवर गेला की पुस्तकं गोळा.

"सर, त्या माकडाचं पुढं काय झालं?" चौथीतल्या एकानं विचारलं.

"पुढच्या वर्षी बघू हं."

शाळा चौथीपर्यंतच आहे.

तेवढ्यात केंद्रप्रमुखांचा निरोप आला: बॅनर अर्धा कापला गेलाय, फोटो परत काढा. पुस्तकं पुन्हा वाटली. पोराला या खेपेला हाती लागलं ते स्वच्छता अभियानाचं.