अनुक्रमांक ७१२ यांस शुभेच्छा

सख्खा भाऊ विसरेल, पण प्रभागातले भाऊ तुमचा वाढदिवस विसरणार नाहीत. सकाळी सातच्या आत व्हॉट्सॲपवर गुलाबाच्या पाकळ्या पडू लागतात, पाकळ्यांतून हात जोडलेले भाऊ उगवतात आणि त्यांच्या पायाशी तुमचे नाव, वडिलांच्या नावासकट. बायको विचारते, "हे कोण?" आपण त्यांना ओळखत नाही, ते मात्र आपल्याला आरपार ओळखतात, एवढेच सांगता येते.

आता मतदार यादीत जन्मतारीख नसते, नुसते वय असते. मग तारीख भाऊंना कळली कुठून? आठवून पाहा. मोफत नेत्रतपासणी शिबिर. हळदीकुंकू आणि वाणात स्टीलचा डबा. पैठणीचा खेळ. २०२४ च्या पावसाळ्यात 'लाडकी बहीण'चे अर्ज भरून द्यायला संपर्क कार्यालयाबाहेर टाकलेले टेबल. प्रत्येक ठिकाणी एक वही होती आणि वहीमागे एक गोड मुलगा होता. तो म्हणाला, "मावशी, आधारची झेरॉक्स आणि मोबाइल नंबर तेवढा." मावशींनी दोन झेरॉक्स दिल्या, एक हरवली तर असू द्यावी म्हणून.

केंब्रिज ॲनालिटिकाचे नाव २०१८ मध्ये जगभर गाजले. फेसबुकवर स्वभावचाचणीचे ॲप काढून, ती चाचणी देणाऱ्यांच्या मित्रांचीही माहिती उचलली गेली. फेसबुकच्याच हिशेबाने ८ कोटी ७० लाख लोकांची, आणि त्यांत सुमारे ५ लाख ६२ हजार भारतीय असण्याची शक्यता. केवढा उपद्व्याप! केंब्रिजचे प्राध्यापक काय, मानसशास्त्र काय, पुढे अमेरिकेच्या संसदेत झुकरबर्गची हजेरी काय. आमच्याकडे हेच काम एका संक्रांतीत उरकते आणि लोक वर तिळगूळ देऊन जातात.

वहीतला मजकूर मग सॉफ्टवेअरमध्ये जातो. निवडणूक आयोगाने २०१८ पासून संकेतस्थळावरच्या याद्या चित्ररूपात टाकायला सुरुवात केली, म्हणजे यंत्राला त्या सहजी वाचता येऊ नयेत. यंत्राने ते फारसे मनावर घेतलेले दिसत नाही. भाऊंच्या मोबाइलमध्ये यादी आडनावाप्रमाणे, इमारतीप्रमाणे, वयाप्रमाणे लागते. जातीचा रकाना यादीत नाही. तो कार्यकर्ता आडनाव बघून भरतो. देशपांडे आले की काम सोपे. जाधव, पवार, गायकवाड आले की कृत्रिम बुद्धिमत्ता हात टेकते आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारावे लागते.

शेवटी रंग. आपला तो हिरवा, त्यांचा तो लाल आणि कुंपणावरचा पिवळा. अनुभवाने सांगतो, पिवळे राहावे. हिरव्याला कोणी विचारत नाही, तो कुठे जातो? लालच्या दारात पत्रकसुद्धा टाकत नाहीत. अष्टविनायकाच्या बसमधली खिडकीची जागा पिवळ्यालाच मिळते. १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांचे मतदान झाले, त्यात मुंबई सोडली तर बहुतेक ठिकाणी चार सदस्यांचे प्रभाग, म्हणजे एका पिवळ्या माणसामागे चार जागांचे उमेदवार. एवढी आस्था आयुष्यात पुन्हा होणे नाही.

त्याआधीची पावणेचार वर्षे काय बहारीची होती! मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, कुठेही मार्च २०२२ पासून नगरसेवक नव्हता. प्रशासक होते आणि मोबाइलमध्ये माजी नगरसेवक, भावी नगरसेवक, लोकांच्या मनातले नगरसेवक होते. सभागृहाला कुलूप, पण रील अखंड चालू. प्रश्न विचारायला कोणी नव्हते याची आम्हाला जाणीवच झाली नाही, कारण शुभेच्छा वेळेवर येत होत्या.

या सगळ्या माहितीत एकच गोष्ट सापडत नाही, ती म्हणजे आमच्या गल्लीतले तुंबलेले ड्रेनेज. माझ्या चष्म्याचा नंबर भाऊंकडे आहे, चेंबरचा नाही. पालिकेचे ॲप आहे, त्यावर फोटो टाकला. अक्षांश-रेखांशासह तक्रार नोंदली गेली आणि तिसऱ्या दिवशी निरोप आला: 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. किती तारे द्याल?' पुरावा म्हणून जोडलेला फोटो भलत्याच गल्लीतल्या झाकणाचा होता. झाकण देखणे होते, म्हणून चार दिले.

मग प्रभागाच्या ग्रुपवर लिहायला गेलो, तर तिथे फक्त ॲडमिनलाच लिहिता येते. नागरिकांनी एकत्र बसून आपल्या भागाची कामे ठरवावीत म्हणून कायद्यात २००९ साली क्षेत्रसभेची तरतूद झाली. ती आमच्याकडे कधी भरल्याचे कोणाला आठवत नाही. ग्रुप मात्र सदैव भरलेला, हजारभर लोक मुकाट बसलेले. अध्यक्षाला याहून आदर्श सभा कोणती हवी?

अखेर कायदा वाचला. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात, माझी कोणती माहिती घेतली आणि तिचे काय केले हे विचारण्याचा हक्क आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यापुढे दीड वर्षाची मुदत आहे. तोवर थांबवेना, म्हणून वहीवाल्या गोड मुलालाच गाठले. म्हटले, "बाळा, माझ्या नावापुढे काय काय लिहिलंय तेवढं दाखव."

"कशाला काका?"

"हक्क आहे म्हणे."

तो हसला. मोबाइल काढला, माझे नाव शोधले, अंगठ्याने कुठेतरी दाबले आणि "बघतो काका" म्हणून निघून गेला. पडद्यावर क्षणभर काहीतरी लाल चमकल्यासारखे वाटले. परवा शेजारचे जोडपे देवदर्शनाच्या बसने गेले.