खरी वाट वेगळीच

पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी पुण्याहून सुटणाऱ्या पहाटेच्या लोणावळा लोकलमध्ये शिरलात की तो दिसतोच. उन्हाने विटलेली टोपी, तळ झिजलेले हंटर शूज, शिवून शिवून मूळ कापड उरलंय की नाही अशी शंका यावी अशी सॅक, आणि मळवली यायच्या आत समोरच्या पोरांना ऐकवलेलं वाक्य : ‘‘लोहगडला? पायऱ्यांनी? ती खरी वाट नव्हे.’’ याचं नाव काहीही असो, आडनाव खरीवाटकर. तुम्ही लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीला गेलात, तर खरी वाट कोंडिवड्याहून, कोंढाणे लेण्यांवरून चढते. पुढच्या खेपेला कोंडिवड्याहून घाम गाळत चढलात, तर ‘‘छे, खरी लोणावळ्याचीच, जंगलातून जाणारी.’’ विसापूरला भाजे गावाकडून गेलात तर पाटणकडची खरी, पाटणकडून गेलात तर भाज्याकडची. कुरवंड्याहून नागफणीच्या टोकावर पोचलेल्याकडे तो अशा नजरेने पाहतो, की त्या बिचाऱ्याला आपण पोचलोच नाही असं वाटू लागावं. खरी वाट नेमकी कुठली याचं उत्तर एकच : तुम्ही आला नाहीत ती.

हा दावा इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहायला हरकत नाही, कारण इतिहासाचा हवाला खरीवाटकरच उठता बसता देतो. लोहगडाला गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे एकामागून एक चार दरवाजे आहेत, आणि त्यांना जोडणारी वाट कड्याच्या अंगाने वळणं घेत चढते. येणारा माणूस वरच्या तटावरून सतत नजरेत राहावा, ही त्यामागची सोय. म्हणजे किल्ला वसता असताना राबती वाट हीच. आज जिथे पोरं मक्याचं कणीस खात, दर वळणावर फोटो काढत चढतात, तीच लोहगडाची खरी वाट. आणि खरीवाटकर ज्या घसाऱ्याच्या वाटेचं कौतुक सांगतो, तिथून चढणाऱ्याला गडकऱ्याने बहुधा दगड घालून परत पाठवलं असतं. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत लोहगड आहे, तो या अशा बांधणीसाठी. तेव्हा पहिल्या फेरीत हे गृहस्थ सपशेल हरतात.

दुसरी फेरी गर्दीची. ‘‘पूर्वी इथे चिटपाखरू नसायचं’’ हे त्याचं दुसरं लाडकं वाक्य. पण त्या निर्मनुष्य गडावर तो स्वतः काय करत होता? त्याच्या पिढीला गडांचं वेड ज्यांनी लावलं, ते गो. नी. दांडेकर याच मावळात, तळेगावला राहायचे. तुंग किल्ल्याच्या परिसरात घडणारी ‘पवनाकाठचा धोंडी’ ही त्यांचीच कादंबरी. दांडेकरांनी मराठी माणसाला गडावर या म्हणून साद घातली. खरीवाटकर त्या सादेला ओ देऊन आला, आणि आपल्यामागे दार लावून घ्यावं असं त्याला वाटू लागलं. राजमाचीच्या कच्च्या रस्त्यावरून जीप वर जाते याचं त्याला केवढं दुःख! पण पायथ्याच्या उधेवाडीत आजारी पडलेल्या म्हातारीला पायवाटेचं सौंदर्य काय कामाचं? तिला दवाखान्यात नेते ती वाट खरी. याही फेरीत निकाल त्याच्या विरुद्धच लागतो.

मग त्याला मोडीत काढावं का? मोबाइलवर नकाशा असताना असल्या किरकिऱ्या माणसाची गरजच काय, असा आक्षेप तरुण मंडळी घेतात, आणि तो वरवर बिनतोड आहे. पण नकाशावरची रेष कुणीतरी जानेवारीत चालून आखलेली असते. विसापूरच्या एका वाटेवर जुलैत पायऱ्यांवरूनच पाणी कोसळतं. रेष तेव्हाही तशीच कोरडी दिसते. ३० जून २०२४ला भुशी धरणामागच्या धबधब्यात पाणी एकाएकी वाढलं आणि एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. पुढच्याच वर्षी १५ जूनला कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांनी भरलेला असताना कोसळला, चार जीव गेले. भुशीनंतर बंदीचे आदेश निघाले, पण आदेशाला वरच्या डोंगरात भरून आलेलं आभाळ दिसत नाही. ते खरीवाटकराला दिसतं. ‘खरी वाट कुठली’ हा त्याचा छळवाद मुळात ‘या वाटेने कोण जातं, कुठल्या महिन्यात जातं आणि परत कसं येतं’ या चौकशीचं बिघडलेलं रूप आहे. ढाक बहिरीच्या कातळावर दोराच्या आधाराने आडवं सरकताना पोरांचे पाय लटपटतात, तेव्हा पाऊल कुठल्या खोबणीत ठेवायचं हे शेवटचा भिडू पलीकडे जाईपर्यंत तोच सांगत उभा राहतो. त्या वेळी ही खरी वाट की खोटी, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. उतरताना इतरांनी फेकलेल्या बाटल्या त्याच्याच सॅकमधून खाली येतात. बडबडीच्या नादात ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

आणि दरीत कुणी अडकलं की लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’ची मंडळी भर पावसात, अंधारात दोर घेऊन निघतात, ती याच जातकुळीतली. वाटांचं वेड तेच, फक्त वाद घालायची हौस त्यांनी घरी ठेवलेली. त्यांच्याकडे पाहिलं की खरीवाटकराची शंभर वाक्यं माफ करावीशी वाटतात. एकशेएकावं मात्र नाही. इतिहासाबद्दल तो चुकतो, गर्दीबद्दल तो स्वार्थी आहे, पण पाण्याबद्दल तो क्वचितच चुकतो. म्हणून एवढंच : तो भेटला तर वाटेवरून त्याच्याशी वाद घालू नका, पावसाचं तेवढं विचारा. आणि तो नसेल, तर ओढ्यातून जाणारी कुठलीही वाट गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय धरू नका.