पाठाचे सर

शाळेत गणिताचे सर असतात, पी.टी.चे सर असतात आणि दिवाळीची सुट्टी संपली की काही आठवडे पाठाचे सर असतात. बी.एड. कॉलेजच्या कागदांवर ते छात्राध्यापक. मुलांच्या लेखी मात्र जे पाठ घ्यायला येतात आणि पाठ संपले की जातात, ते पाठाचे सर. ओळखायला सोपे. इस्त्रीचा फिकट शर्ट, खिशाला दोन रंगांची पेनं, काखेत गुंडाळलेला तक्ता आणि हातात स्वतःच्या मालकीचा डस्टर. शाळेतला कायम शिक्षक स्वतःचा डस्टर कधी आणत नाही. तो शेजारच्या वर्गातून मागवतो, आणि तो आणायला दोन मुलं जातात.

मार्गदर्शक शिक्षक म्हणून मी शेवटच्या बाकावर बसतो. तिथून दरवर्षी चेहरा नवा दिसतो, सर तेच असतात.

वर्गात येण्याआधी सरांनी सूक्ष्म अध्यापन केलेलं असतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात 1963 च्या सुमारास ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेली ही युक्ती. आपल्याकडे तिचं चक्र 36 मिनिटांचं असतं: 6 मिनिटं शिकवायचं, 6 मिनिटं शेरे ऐकायचे, 12 मिनिटांत पाठ नव्यानं बेतायचा, पुन्हा 6 मिनिटं शिकवायचं आणि पुन्हा 6 मिनिटं शेरे ऐकायचे. एका वेळी एकच कौशल्य. आज प्रश्न विचारणं, उद्या शाबासकी देणं, परवा फळा. समोर विद्यार्थी म्हणून बसतात ते वर्गमित्र, सगळे पदवीधर, त्यातल्या एकदोघांची मुलं बालवाडीत. ते सातवीतले असल्याचं सोंग आणतात, भराभर हात वर करतात, विचारलं तेवढंच सांगतात, कारण नंतर त्यांची पाळी असते. इतका गुणी वर्ग सरांना आयुष्यात पुन्हा मिळत नाही.

मग येतं पाठ टाचण. त्यात रकाने असतात. ‘अध्यापकाची कृती’ हा रकाना सरांच्या ताब्यातला. त्याच्या शेजारी ‘विद्यार्थ्यांची कृती’. त्यात सर आदल्या रात्री सुवाच्य अक्षरात लिहितात: ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतील.’ ‘विद्यार्थी उत्स्फूर्तपणे उत्तरे देतील.’ कोणती उत्तरं, तेही पुढे लिहिलेलं असतं. पंचांगवालेसुद्धा इतक्या ठामपणे लिहीत नाहीत.

यंदाच्या सरांचा विषय भूगोल, घटक ‘वारे’. विषयाचं नाव एकदम सांगायचं नाही, ते मुलांच्या तोंडून काढायचं, असा दंडक आहे. सरांनी घसा साफ केला.

‘‘मुलांनो, उन्हाळ्यात खूप उकडायला लागलं की आपण काय लावतो?’’

‘‘पावडर!’’

‘‘छान. आणखी काय लावतो?’’

‘‘टीव्ही!’’

‘‘छान. छताला काय असतं?’’

‘‘कोळिष्टकं!’’

‘‘अं... छान. पंखा असतो ना? मग पंखा लावल्यावर आपल्याला काय मिळतं?’’

‘‘आवाज!’’

आमच्या वर्गातल्या पंख्याच्या बाबतीत हे उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. सरांनी वर पाहिलं, टाचणाकडे पाहिलं आणि टाचणावर विश्वास ठेवला. ‘‘शाब्बास! तर मुलांनो, आज आपण वाऱ्यांचा अभ्यास करणार आहोत.’’

‘छान’ हे सरांचं प्रबलन. योग्य प्रतिसादाला शाबासकी मिळाली की तो प्रतिसाद पुन्हा येतो, हे त्यांनी स्किनरच्या प्रकरणात वाचलंय. सर चुकीच्या उत्तरांनाही ‘छान’ म्हणतात, त्यामुळे तीही पुन्हा येतात. स्किनर दोन्हीकडून खरा ठरतो. दुसरं शस्त्र म्हणजे चेतक बदल. शिक्षकानं एका जागी उभं राहू नये, आवाजात चढउतार हवेत, हातवारे हवेत. सर फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत आणि परत अशा फेऱ्या घालतात. तिसऱ्या फेरीनंतर खिडकीजवळच्या दोन मुलींनी त्या मोजायला घेतल्या. सहभाग म्हणतात तो हाच.

तिसरी गोष्ट सर फार मनापासून करतात. मेरी बड रो नावाच्या संशोधिकेला असं आढळलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर मुलं अधिक मोठी आणि विचार केलेली उत्तरं देतात. म्हणून सर प्रश्न विचारतात आणि ओठातल्या ओठात एक, दोन, तीन मोजतात. पहिला बाकही त्यांच्याबरोबर मोजतो. तीन झाले की दोघंही एकमेकांकडे बघतात.

शिस्तीचं प्रकरण जरा नाजूक आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना बंदी घातली. सरांना हे कलम तोंडपाठ आहे. सातवी ‘अ’लाही आहे. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हे सरांच्या मते मागासलेलं. म्हणून पहिल्या दिवशी त्यांनी शांततेचा खेळ जाहीर केला: सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि लांबचे आवाज ऐकायचे. डोळे मिटताच वर्गातून कोंबडा आरवला, मग म्हैस, मग जेसीबी. गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मधल्या शिक्षकाचाही पहिल्या दिवशीचा शांततेचा खेळ असाच फसतो. सरांनी गिजुभाई वाचलेत. पण परीक्षेत गिजुभाईंचे शैक्षणिक विचार विचारतात, त्यांचा पहिला दिवस विचारत नाहीत.

पूर्वी बी.एड. एका वर्षात होत असे. 2015 पासून त्याला दोन वर्षं लागतात. मुलांना सर ओळखायला मात्र पूर्वीसारखीच दोन मिनिटं पुरतात. या सरांच्या हातात आपले गुण नाहीत, उलट सरांचे गुण आपल्या हातात आहेत, हे त्यांच्या लगेच लक्षात येतं. मधल्या सुट्टीत खिचडी खाताना वाटाघाटी होतात.

‘‘सर, आज तुमच्या मॅडम येणार का?’’

‘‘येतील बहुतेक. का रे?’’

‘‘काही नाही. आम्ही सगळे हात वर करू. पण मग शेवटच्या तासाला ग्राउंडवर सोडायचं.’’

मॅडम आल्या, वर्गात हातांचं रान उगवलं. मॅडमनी वहीत ‘विद्यार्थी सहभाग उत्तम’ असा शेरा मारला. मागे बसलेले सरांचे दोन सहाध्यायीही ‘उत्तम’ लिहीत होते, पण तो करार वेगळा; त्यांचे पाठ उद्या होते.

खारे आणि मतलई वाऱ्यांच्या पाठाला मात्र घोळ झाला. आमची शाळा कोकणातल्या किनाऱ्यावरची. सरांनी तक्ता लावला. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून येतो, तो खारा वारा; रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून तो जमिनीकडून समुद्राकडे जातो, तो मतलई. एवढं झाल्यावर एरवी कोंबड्याचं काम बघणारा मुलगा हात वर न करताच म्हणाला, ‘‘माझे आजोबा मतलईवर जायचे.’’

टाचणात हे वाक्य नव्हतं. ‘छान’ म्हणायचंही सरांना सुचलं नाही. ‘‘म्हणजे कसं?’’ त्यांनी विचारलं, आणि या वेळी मोजलं नाही.

‘‘होडीला शीड होतं ना तेव्हा. पहाटे मतलईवर बाहेर जायचं, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत यायचं. फुकटात. आता इंजिन आहे. बाबा म्हणतात, वारा फुकट, डिझेल नाही.’’

‘‘आणि वारा पडला तर?’’

‘‘मग वल्हवायचं.’’

‘‘नाही रे,’’ दुसरा मुलगा मध्येच म्हणाला, ‘‘माझे आजोबा थांबायचे.’’ तिसऱ्याला हे पटलं नाही. बघता बघता अर्धा वर्ग भांडायला लागला आणि उरलेला अर्धा कान देऊन ऐकू लागला. सर एका जागी उभे होते. चेतक बदल शून्य. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. मॅडमनी वहीत लिहिलं: ‘संकलन अपूर्ण. फलकलेखन नाही. उपयोजनाचे प्रश्न राहिले. वेळेचे नियोजन सुधारावे.’

दुसऱ्या दिवशी सातवी ‘ब’ला हाच पाठ होता. सरांनी रात्री जागून टाचण सुधारलं. अध्यापकाची कृती: ‘‘तुमचे आजोबा कोणत्या वाऱ्यावर जात?’’ अपेक्षित उत्तर: ‘‘मतलई वाऱ्यावर.’’ सातवी ‘ब’तल्या पहिल्या मुलानं सांगितलं, ‘‘एसटीनं.’’ दुसऱ्याचे आजोबा पोस्टात होते, सायकलवर जायचे. सरांनी तीनपर्यंत मोजलं आणि म्हणाले, ‘‘छान.’’

तरी माणूस सुधारतो. शेवटच्या आठवड्यात सर वर्गाकडे पूर्ण पाठ करेनासे झाले. तिरके उभे राहून लिहायचे, लिहिता लिहिता बोलायचे आणि डोळ्याच्या कोपऱ्यानं खिडकीकडचा बाक धरून ठेवायचे. कोंबडा आरवायचा थांबला.

निरोपाच्या दिवशी त्यांनी प्रत्याभरणासाठी कोरे कागद वाटले. नाव लिहायचं नाही, मोकळेपणानं लिहायचं. बहुतेकांनी ‘सर तुम्ही खूप छान शिकवता, परत या’ असं लिहिलं आणि खाली हजेरी क्रमांक टाकला. एका कागदावर तेवढी तक्रार होती: ‘सर, फळ्यावर लिहिताना बोलू नका. आम्हाला बोलायला वेळच मिळत नाही.’

सर तो कागद घेऊन हिरमुसून माझ्याकडे आले. ‘‘सर, वर्गव्यवस्थापनात मी कमी पडलो का हो?’’

मी कागद वाचला, घडी घालून त्यांच्या फायलीला टाचला आणि फलकलेखनाच्या रकान्यात पैकीच्या पैकी गुण दिले.