कानापुरती थंडी

मुंबईत थंडी आल्याचं आधी नाकाला कळतं. डिसेंबरात एखाद्या पहाटे पारा अठराच्या आसपास घुटमळतो, परळ-लालबागच्या घराघरांत दिवाणाची फळी उचलली जाते आणि अकरा महिने दडपलेले स्वेटर बाहेर येतात. मग दोन दिवस जिन्यात, लिफ्टमध्ये, बसमध्ये डांबरगोळ्यांचा दरवळ असतो. तिसऱ्या दिवशी उकडायला लागतं. या दोन दिवसांसाठी जवळपास अर्धा किलो लोकर घेऊन पाठ, पोट, दोन बाह्या विणायच्या, मुंढे घटवायचे, गळ्याचे टाके उचलायचे, हा कुठल्याच हिशेबात न बसणारा उद्योग आहे. तरी नाताळ जवळ आला की विणणाऱ्यांचे हात शिवशिवतात. कुणाला काय विणून द्यावं याचे बेत सुरू होतात. विणायला माझी हरकत नाही. फक्त मुंबईत छातीचं माप घेऊ नये, एवढंच म्हणणं आहे.

कारण मुंबईकराला थंडी छातीत वाजतच नाही, ती कानात वाजते. पुरावा हवा असेल तर जानेवारीत सकाळी सहाला शिवाजी पार्कावर जावं. खाली अर्धी चड्डी, अंगात बिनबाह्यांचा बनियन आणि वर हनुवटीखाली बटण लावलेली कानटोपी, अशा वेशात माणसं हिमालय चढायला निघाल्यासारखी कट्ट्याभोवती फिरत असतात. गुडघ्यांना थंडी वाजत नाही, पोटऱ्यांना वाजत नाही; वारं शिरतं ते कानातूनच. हे मुंबईचं खूळ म्हणावं, तर देवही त्यात सामील आहेत. थंडीत पंढरपूरच्या विठोबालाही कानपट्टी बांधतात आणि पुण्यात सारसबागेतला गणपती स्वेटर-कानटोपी घालून बसतो. (गणपतीचे कान बघता त्या टोपीचे टाके कुणी मोजले असतील, त्यांना नमस्कार.) लालबागच्या राजावर मात्र ही वेळ येत नाही. तो भाद्रपदात येतो, त्याला स्वेटर नव्हे, पंखा लागतो. तेव्हा भेट म्हणून पहिली पसंती कानटोपीला. शंभर ग्रॅमच्या आत काम होतं, माप चुकलं तरी ताणून बसते, आणि घेणाऱ्याला ती आवडली नाही तर निदान तुमचं बोलणं कमी ऐकू येतं.

दुसरं गिऱ्हाईक तान्हं बाळ. बाळंतविड्यातलं टोपडं, मोजे आणि लोकरीचं झबलं यांचा ऋतूशी काडीचा संबंध नसतो. बाळ वैशाखात जन्मलं तरी त्याला ते चढवलं जातं, कारण त्याला तक्रार मांडता येत नाही. पण गिरगाव-दादरच्या विणणाऱ्या बायकांची खरी हुशारी यापुढची. माणसांना घाम येतो हे ध्यानात आल्यावर त्यांनी घाम न येणाऱ्यांना लोकर घातली. चहाच्या किटलीला टिकोझी, टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, फ्रिजच्या मुठीला पायमोजा, दाराला लोकरीचं तोरण, आणि लग्नात या सगळ्याचं प्रदर्शन म्हणजे रुखवत. नवरीला उबेची गरज आहे की नाही हे कुणी विचारलं नाही. तिच्या संसारातल्या वस्तू गारठू नयेत, ही काळजी मात्र घेतली गेली. बरं, ही लोकरही बहुतेकदा मेंढीने न पाहिलेलीच. दुकानात जिला आपण लोकर म्हणतो ती बरेचदा ॲक्रिलिक असते, म्हणजे तिचं माहेर कुरणात नसून तेलविहिरीत असतं. याचाही फायदा आहे. खरी लोकर गरम पाण्यात घुसळली तर आटून घट्ट होते. न्यू जर्सीतल्या एखाद्या भाच्याने मामीने विणलेला खऱ्या लोकरीचा स्वेटर असा वॉशिंग मशीनला घातला, तर तो बाहुलीच्या मापाचा होऊन निघायचा.

मुंबईत स्वेटर नको म्हटलं की कुणी १९६२ सालच्या २२ जानेवारीचा दाखला देईल. त्या दिवशी सांताक्रूझला ७.४ अंश नोंदले गेले, हे खरं. पण साठहून जास्त वर्षांतल्या एका पहाटेसाठी विणायला बसणं म्हणजे धूमकेतूसाठी पाट-पाणी मांडणं. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: एसी. पश्चिम रेल्वेने पहिली एसी लोकल बोरिवली-चर्चगेट मार्गावर सोडली ती २०१७ साली, तारीख २५ डिसेंबर. मुंबईची थंडी नाताळच्या दिवशी रुळांवरून आली, असंच म्हणायला हवं. लोअर परळला तर काळाने चेष्टाच केली. जिथल्या गिरण्यांत सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवत आणि कामगार घामाने निथळत, त्याच कमला मिल, फिनिक्सच्या आवारात आज पोरं खुर्चीच्या पाठीला जॅकेट अडकवून ठेवतात. म्हणून हाफ स्वेटरपुरती माघार मी घेतो. पूर्ण बाह्यांचा नको. तो घालून संध्याकाळी दादरचा पूल ओलांडून दाखवावा. शिवाय परळच्या फुटपाथवर तिबेटी-नेपाळी विक्रेते तयार स्वेटर घेऊन बसतातच. त्यांच्याशी सुयांनी स्पर्धा करण्यात अर्थ नाही.

राहता राहिला, ‘नाताळ आपला कुठे?’ हा प्रश्न. नाताळ हा शब्द पोर्तुगीज ‘नताल’वरून आला आणि कधीच मराठी होऊन बसला. गिरगावातल्या खोताच्या वाडीत ईस्ट इंडियन कुटुंबं मराठीचीच एक बोली बोलत तो साजरा करत आली. आणि मुंबईच्या हवेला सगळ्यात मानवणारं विणकाम याच सणाने दिलं आहे: ज्यात पाय घालायचा नसतो असा मोजा. ना घाम, ना माप, ना जोडीला दुसरा विणण्याची सक्ती. चॉकलेट किंवा करंज्या भरल्या की काम झालं. तेव्हा यंदा लाल-पांढरी लोकर आणा, बॉर्डर एक सुलट, एक उलट घाला आणि टाके बंद करताना वर एक फासा सोडायला विसरू नका. खिळा नवा ठोकावा लागणार नाही. कालनिर्णयचा भिंतीत आहेच, आणि २५ तारखेला त्यावर एकच पान उरलेलं असतं.