बिजवर ॲक्च्युएटर

कॅलिफोर्नियात सनीव्हेल, फ्रीमाँट, सॅन होजे या पट्ट्यात कुठल्याही शाळेचं सभागृह भाड्याने घेऊन गणपतीची आरती चालू असेल, तर आत जाण्यापूर्वी पार्किंगवर एक नजर टाकावी. टेस्लांची रांग संपते तिथे, झाडाखाली, वीस वर्षांकडे झुकलेली चंदेरी प्रियस उभी असते. बंपरवर पिवळा स्टिकर. गाडीत एकटा माणूस असला तरी हायब्रिडला कारपूलच्या मार्गिकेतून जाऊ द्यावं म्हणून राज्याने असे 85,000 स्टिकर वाटले होते. त्यांची मुदत 1 जुलै 2011 ला संपली. हा अजून जागेवर आहे. "काढला तर रंग निघेल," असं मालक सांगतात. रंग तसाही निघालेलाच आहे.

मालक आत मसालेभात वाढत असतात. त्यांना सगळे काका म्हणतात. प्रत्येक मंडळात असे एक काका असतात. गाव बदललं तर आडनाव बदलतं, बाकी सगळं तेच. चिप डिझाइनमध्ये हयात गेलेली, घराची किंमत ऐकून पुण्यातल्या भावाला ठसका लागावा अशी, आणि अंगात केव्हाच बुडालेल्या कुठल्याशा कंपनीचा फुकट मिळालेला टी-शर्ट. यांना कंजूष म्हणाल तर फसाल. मंडळाच्या वर्गणीचा पहिला चेक यांचा. भाच्याची फी यांनीच भरली. फक्त एका गोष्टीचे पैसे त्यांच्या खिशातून निघत नाहीत. जे काम कसं करायचं हे पुस्तकात लिहिलेलं आहे, त्याची मजुरी.

लहानपणी वडील चेतक तिरकी करून सुरू करायचे, प्लग स्वतः घासायचे, हे मी त्यांच्याकडून अनेकदा ऐकलंय. चेतकमध्ये संगणक नव्हता, हे मात्र ते सांगत नाहीत.

तर एका सोमवारी काकूंनी ऑफिसला निघताना गाडीचं दार उघडलं आणि घूंऽऽ असा आवाज झाला. आवाज नेहमीचाच, पण थांबेना. मग डॅशबोर्डवर लाल, पिवळे, सगळे दिवे लागले आणि एक कर्कश बीप सुरू झाली. काकूंनी गाडी जागेवरच बंद केली आणि काकांना हाक मारली. काका आले ते चेहऱ्यावर काळजी घेऊन नव्हे. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी आपल्या विषयातलं बोललं, असा तो चेहरा होता.

दोषाचा कोड सी-1391. म्हणजे ब्रेकच्या ॲक्युम्युलेटरमधला दाब गळतोय.

हे प्रकरण त्यांनी मला पुढच्याच रविवारी समजावलं, हातात डाव असताना. "तू पेडल दाबलंस की तुला वाटतं तू ब्रेक लावलास. चूक. तू फक्त अर्ज केलास. किती ब्रेक द्यायचा ते संगणक ठरवतो. आधी मोटरलाच जनित्र करून चाकांची गती खातो, वीज बॅटरीत टाकतो. उरलेलं काम तेलाच्या दाबावर. तो दाब साठवतो नायट्रोजन भरलेला ॲक्युम्युलेटर, आणि त्यात दाब भरतो पंप. दार उघडल्यावर घूं करतो ना, तो. हे सगळं एकाच ठोकळ्यात, त्याला म्हणायचं ॲक्च्युएटर. भात हवा अजून?" मागे रांग खोळंबली होती. पण खरं सांगतो, ब्रेकचं इतकं स्वच्छ वर्णन मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

डीलरने नवीन ठोकळ्याचा आकडा सांगितला तो गाडीच्या किमतीहून मोठा होता. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. अशा वेळी शहाणा माणूस कोंबडी विकतो. काकू तेच म्हणाल्या. काका म्हणाले, "वापरलेला आणू."

"अहो, ब्रेक आहे तो. मिक्सर नाही."

"म्हणूनच नीट बघून आणू."

आणि सुरू झालं स्थळ बघणं. लेकीच्या लग्नात काकांनी एकही चौकशी केली नव्हती, तिने आपलं आपण ठरवलं होतं. ती सगळी हौस इथे फिटली. ठोकळा बिजवर, हे मान्य. पण आधीच्या संसारात नेमकं काय झालं? गाडी पुढून ठोकली असेल तर नको, ॲक्च्युएटर पुढेच असतो. मागून ठोकलेली हवी, म्हणजे बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. मैल किती? गाव कुठलं? बर्फातल्या रस्त्यांवर मीठ टाकतात, तिकडचं स्थळ आलं की गंजाच्या भीतीने फोटो न बघता नकार. पार्ट नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला पाहिजे. पाइप सोडवल्यावर भोकांना टोपणं लावली होती का? कारण ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषून घेतं. एका दुकानदाराला त्यांनी हे फोनवर इतक्या वेळा विचारलं की त्याने "सर, तुम्हीच येऊन बघा" म्हणून फोन ठेवला.

काकांना तेच हवं होतं. इकडे मोडीत काढलेल्या गाड्यांची अशी आवारं असतात की दारात दोन-तीन डॉलर द्यायचे, हत्यारं आपली आपण न्यायची, हवा तो भाग स्वतः काढायचा आणि गल्ल्यावर पैसे भरायचे. चाकं काढलेल्या गाड्या जुन्या रिमा वेल्डिंगने जोडून केलेल्या खुंटांवर ठेवलेल्या. मला हमाल म्हणून नेलं होतं. काकांची चाल तिथे बदलते. ऑफिसात खाली मान घालून चालणारा माणूस त्या रांगांमधून जुन्या बाजारातल्या पुणेकरासारखा फिरतो, न घ्यायच्या वस्तूही उचलून बघतो. मागून चेपलेली एक 2008 ची प्रियस सापडली. मागच्या सीटवर लहान मुलाचा एक बूट होता. काकांनी तो उचलून डॅशबोर्डवर नीट ठेवला आणि मग बॉनेट उघडलं.

शस्त्रक्रियेचा शनिवार. नारिंगी सर्व्हिस प्लग काढायचा, कारण वाटेत इन्व्हर्टर येतो आणि मोठी बॅटरी 201.6 व्होल्टची आहे. प्लग स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे दुसरा कुणी तो परत बसवणार नाही, असं पुस्तक सांगतं. काकांनी पुस्तक इतकं पाळलं की दुपारी मंडळाच्या कार्यकारिणीच्या सभेलाही तो प्लग खिशात घेऊन गेले आणि हिशेबाच्या मुद्द्यावर टेबलावर आपटला.

बारा व्होल्टची छोटी बॅटरीही सोडवावी लागते. ती या गाडीत मागे असते, डिकीच्या उजव्या कोपऱ्यात. सोडवली आणि सवयीने डिकी बंद केली. डिकीची कडी विजेवर चालते. त्यानंतर पासष्टीला टेकलेले गृहस्थ मागच्या सीटवरून पोटावर सरपटत आत गेले, आतली आणीबाणीची कळ चाचपत. काकू खिडकीतून बघत होत्या. बोलल्या काहीच नाहीत. फोटो मात्र काढला.

बॅटरी सुटली तरी ब्रेकसाठी राखीव वीज धरून ठेवणारे कपॅसिटर असतात, म्हणून थांबावं लागतं. हा वेळ चहाचा. मग वायपर, त्याखालची पन्हळ, इन्व्हर्टर, आणि तळाशी ब्रेकच्या नळ्यांचे नट. इथे साधा पाना लावला तर नटाचे कोन झिजतात आणि नळीच बदलावी लागते. काकांकडे त्यासाठी खास पाना आहे, तोंडाला चीर असलेला, नट चहूबाजूंनी धरणारा. तो लावून त्यांनी श्वास रोखला. कट्. नट सुटला. आयुष्यात पेटंट मिळाली तेव्हाही चेहरा इतका खुलला नसेल.

नवा, म्हणजे जुना, ठोकळा बसला तरी काम संपत नाही. त्यातले झडपांचे आकडे गाडीच्या संगणकाला नव्याने शिकवावे लागतात, हवा काढायलाही संगणकच पंप फिरवतो. त्यासाठी टेकस्ट्रीम नावाची प्रणाली लागते, ती काकांच्या स्वस्तातल्या केबलशी फक्त जुन्या विंडोजवर बोलते, आणि म्हणून त्यांनी एक लॅपटॉप जपून ठेवलाय ज्याला इंटरनेट दाखवायची बंदी आहे. माझं काम पेडल दाबायचं. "दाब. धर. धर म्हटलं ना! सोड." एवढ्या अधिकाराने माझ्याशी माझा मॅनेजरही बोलत नाही.

दिवे विझले. पहिली फेरी त्याच शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, माणसाच्या चालीने, काका एकटे. मला बसू दिलं नाही. मंडळातल्या एकाने नंतर विचारलं, माझ्या गाडीचं कराल का, पैसे देतो. काका म्हणाले, "माझ्या गाडीत चुकलो तर मी भोगीन. तुझ्या गाडीत तुझी पोरं बसतात. डीलरकडे जा." हा सल्ला मला पटतो. तो स्वतःच्या गाडीला का लागू नाही, हे विचारायची माझी छाती झाली नाही. काकूही त्याच गाडीत बसतात.

खर्चाची एक्सेल शीट त्यांनी मला दाखवली. ठोकळा, तेल, केबल, चिरेचा पाना, सगळं आहे. तासांचा रकाना नाही. म्हटलं, तास? "शनिवारचे तास कुणी धरतं का?" मग विचारलं, बिजवर ठोकळाही आधीच्याइतकाच म्हातारा, त्याचा नायट्रोजन तरी किती दिवसांचा सोबती? त्यावर काका फक्त हसले.

हसण्याचा अर्थ परवा कळला. त्या आवारातून फोन आला, मागे खणाखणी चालू. "अरे, अजून एक आलीय, मागून ठोकलेली. उचलून ठेवतो, असू दे." तेवढ्यात त्याच कॉलवर घरून काकूंचा आवाज आला, "आणा, आणा. पण फ्रीजच्या मागे जागा नाही, आधीचे तिघं आहेत तिथे."